ख्रिस्ती धर्म आणि शरीरसंपदा

महाराष्ट्रांतील एखाद्या जुन्या तालमींत पाऊल टाकलें, तर तांबड्या मातीच्या कडेला शेंदूर फांसलेली मारुतीची मूर्ति हमखास दिसते. मातींत उतरण्यापूर्वीं तिला नमस्कार करावयाचा, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तेथें उपास्य दैवत स्वतःच बलदंड असल्यामुळें भक्ति आणि शक्ति यांच्यांत तंटा उद्भवण्याचें कारणच नाहीं. आतां वसईकडील एखाद्या जुन्या चर्चमध्यें जाऊन पाहावें. तेथें वेदीवर जो देह दिसतो तो खिळ्यांनीं विंधलेला, मान कलंडलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. ज्या धर्माच्या गाभाऱ्यांत असा घायाळ देह आहे, त्या धर्माच्या अनुयायानें आपल्या दंडावरच्या बेटकुळीकडे कोणत्या नजरेनें पाहावें? आरशांत दिसणारें स्वतःचें रूप त्याला आवडावें कीं नावडावें? ख्रिस्ती समाज हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षें सोडवीत आहे, आणि त्याचीं उत्तरें वेळोवेळीं इतकीं निरनिराळीं आलीं आहेत कीं, तीं एकाच धर्मांतलीं आहेत यावर विश्वास बसूं नये.

या प्रश्नाचा आरंभ ग्रीस देशांतील करिंथ शहरीं होतो. या श्रीमंत बंदराजवळ दर दोन वर्षांनीं मोठे क्रीडामहोत्सव भरत, आणि विजयी मल्लाच्या मस्तकावर पाइन वृक्षाच्या डहाळ्यांचा किंवा वाळलेल्या पाल्याचा मुकुट ठेवीत. इसवी सनाच्या पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास संत पौल या शहरीं दीड वर्ष राहिला होता. त्यानें पुढें करिंथकरांस जें पत्र लिहिलें त्यांत शर्यत, मुष्टियुद्ध आणि खेळाडूचा संयम यांचे दाखले आले, याचें नवल नाहीं. वाळून जाणाऱ्या पाल्यासाठीं माणसें एवढे कष्ट सोसतात, तर न वाळणाऱ्या मुकुटासाठीं किती सोसावे, असा त्याचा रोख होता. त्याच पत्रांत, शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, हें प्रसिद्ध विधान येतें. अमेरिकेंत व्यायामावर जीं ख्रिस्ती पुस्तकें निघतात त्यांत हें वचन सहसा चुकत नाहीं. परंतु मूळ पत्र उघडून पाहिलें तर तेथें विषय व्यायामाचा नाहीं, आहाराचाहि नाहीं. तो शीलाचा आहे. देह पवित्र कां, तर तो मोल देऊन विकत घेतलेला आहे आणि त्याचा धनी दुसरा आहे म्हणून. तो सडपातळ कीं स्थूल, हें पौलानें विचारलेलेंच नाहीं. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत तर शारीरिक कसरतीचा उपयोग थोडाच आहे असें स्पष्ट म्हटलें आहे. थोडा आहे, मुळींच नाहीं असें नव्हे. ख्रिस्ती विचारवंतांचें पुढचें सगळें भांडण या ‘थोड्या’विषयींच आहे, असें म्हटलें तरी चालेल.

आणि खुद्द पौल दिसावयाला कसा होता? त्याच्या विरोधकांची तक्रार होती कीं, याचीं पत्रें वजनदार असतात, पण समोर उभा राहिला म्हणजे माणूस अगदींच दुबळा. दुसऱ्या शतकांतील एका ग्रंथांत त्याचें वर्णन आलें आहे: ठेंगणा, टकल्या, पायांनीं फेंगडा, भुंवया जुळलेल्या, नाक किंचित् बांकदार, आणि तरीहि मुद्रा कृपेनें भरलेली. हें वर्णन खरें असो वा नसो, लिहिणाराला आपल्या थोर गुरूचें असें चित्र काढतांना संकोच वाटला नाहीं, हें मात्र ध्यानांत घेण्यासारखें आहे. ग्रीक लोक सुंदर देहाचे केवढे भोक्ते! त्यांच्या जगांत राहून सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनीं सौंदर्याची ती पट्टी हातांतून टाकून दिली होती. कार्थेजच्या टर्टुलियननें तर, ख्रिस्ताचा देह साध्या मानवी सौंदर्यालाहि पोंचलेला नव्हता, असें लिहून ठेवलें आहे.

एवढ्यावरून ख्रिस्ती धर्म देहाचा वैरी आहे असा समज होतो. पण तो बरोबर नाहीं. देह म्हणजे आत्म्याची कोठडी, ती जितकी लवकर फुटेल तितकें बरें, असें मानणारे पंथ त्या काळीं पुष्कळ होते, आणि चर्चनें त्यांना पाखंडी ठरविलें. ज्या धर्मांत देव स्वतः मानवदेह धारण करतो, जेवतो, थकतो, आणि पुनरुत्थानानंतर हातांवरचे व्रण शिष्याला दाखवितो, त्या धर्माला देह तुच्छ म्हणण्याची सोयच नाहीं. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या अंगावरचे ते व्रण बुजलेले नव्हते, ही बारीकशी गोष्ट पुढील विवेचनाकरितां लक्षांत ठेवावी.

तपस्व्यांची परंपराहि आपण समजतों तितकी देहाविरुद्ध नव्हती. मिसर देशांतील संत अँटनी एका ओसाड किल्ल्यांत सुमारें वीस वर्षें एकांतांत राहिला. अखेर मित्रांनीं दार मोडून त्याला बाहेर आणलें, तेव्हां लोकांना वाटलें कीं हाडांचा सांपळा बाहेर येईल. त्याचा चरित्रकार अथनेशियस सांगतो कीं, तो व्यायामावांचून लठ्ठ झालेला नव्हता, उपासानें खंगलेलाहि नव्हता. पूर्वीं होता तसाच होता. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनें तर पुरुषांना कुस्ती आणि आखाडा यांची परवानगी देऊन ठेवली होती, आणि स्त्रियांना सूत काढण्याची व विणण्याची. (व्यायामाच्या वांटणींत स्त्रियांच्या पदरीं घरकाम पडावें, ही रीत फार जुनी दिसते.)

तोल गेला नाहीं असें मात्र नव्हे. सिएना येथील संत कॅथरीन हिनें अन्न जवळजवळ वर्ज्य केलें. खात जा म्हणून वडीलधाऱ्यांनीं परोपरीनें सांगितलें, तरी तिच्या पोटांत अन्न ठरेना, आणि १३८० सालीं तेहतिसाव्या वर्षीं ती वारली. रुडॉल्फ बेल या इतिहासकारानें १९८५ सालीं तिच्यासारख्या संत स्त्रियांच्या उपवासाची तुलना आजच्या तरुण मुलींमधील अन्नत्यागाच्या व्याधीशीं केली. ती तुलना सर्वांना मान्य झाली नाहीं, आणि मान्य न होण्यास कारणेंहि आहेत. एकीची नजर देवाकडे होती, दुसरीची आरशाकडे आहे. तथापि जेवणाच्या ताटासमोर दोघींच्या मनांत उठणारें भय पाहिलें म्हणजे अंगावर कांटा येतो. असिसीचा संत फ्रान्सिस आपल्या देहाला ‘गाढवभाऊ’ म्हणे आणि त्याला गाढवासारखेंच राबवी. परंतु मृत्यु जवळ आला, तेव्हां या बिचाऱ्या भावाला आपण फार छळलें, अशी कबुली त्यानें दिल्याची कथा आहे. इतक्या थोर माणसानें आपल्या शरीराची क्षमा मागितली, यांत पुष्कळ आलें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें लंबक दुसऱ्या टोंकाला गेला. चार्ल्स किंग्ज्ली आणि टॉमस ह्यूज या लेखकांना वाटूं लागलें कीं, धर्म म्हणजे फिकट चेहरा आणि खालीं घातलेली मान, ही समजूत मोडली पाहिजे. धर्मनिष्ठ माणूस निरोगी असावा, त्यानें धांवावें, पोहावें, होडी वल्हवावी. १८५७ सालीं एका समीक्षकानें या मताला थट्टेनें ‘स्नायूंचा ख्रिस्ती धर्म’ असें नांव दिलें, आणि किंग्ज्लीला तें आवडलें नसलें तरी तेंच रूढ झालें. ह्यूजनें मात्र १८६१ च्या आपल्या कादंबरींत एक मार्मिक भेद केला आहे. नुसत्या पहिलवानाला आपलें बळ कशासाठीं आहे हें ठाऊक नसतें. ख्रिस्ती पहिलवानाला तें दुर्बळांच्या रक्षणासाठीं मिळालेलें आहे हें ठाऊक असावें लागतें. भेद उत्तम खरा. पण त्याच सुमारास याच स्नायूंच्या जोरावर साम्राज्यहि पसरत होतें, आणि रक्षण कोणाचें चाललें होतें हें जगांतील निम्म्या लोकांनीं अनुभवलें आहे. असो.

‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ ही संस्था १८४४ सालीं लंडनमध्यें जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानांतील तरुणानें काढली, ती प्रार्थनेसाठीं आणि बायबलच्या अभ्यासासाठीं. व्यायामशाळा तिला पुढें अमेरिकेंत जोडली गेली. न्यूयॉर्क येथील इमारतींत १८६९ सालीं ती होती. लूथर गुलिक या मिशनऱ्याच्या मुलानें १८९१ सालीं संस्थेला त्रिकोणाचें चिन्ह सुचविलें: शरीर, मन आणि आत्मा या तीन बाजू. त्याच वर्षीं स्प्रिंगफील्ड येथील शिक्षणसंस्थेंत गुलिकच्या हाताखालीं जेम्स नेस्मिथ नांवाचा एक कॅनडियन शिक्षक काम करीत होता, आणि त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

नेस्मिथ लहानपणींच पोरका झाला होता. माँट्रियल येथें तो पाद्री होण्यासाठीं शिकत होता आणि फुटबॉलहि खेळत होता. होणाऱ्या पाद्र्यानें असला दांडगाईचा खेळ खेळावा, हें त्याच्या मित्रांना पसंत नव्हतें. एकदां सामना ऐन रंगांत असतां शेजारचा गडी संतापून शिव्या देऊं लागला, आणि मग नेस्मिथकडे नजर जातांच ओशाळून म्हणाला कीं, तूं येथें आहेस हें विसरलोंच होतों. नेस्मिथनें त्याला कधीं उपदेश केलेला नव्हता. व्यासपीठावर न चढतांहि माणसाचें मन वळवितां येतें, हें त्या दिवशीं त्याला उमगलें, आणि त्यानें पाद्रीपणाचा मार्ग सोडून व्यायामशाळेचा धरला.

स्प्रिंगफील्डला त्याच्या वांट्यास अठरा विद्यार्थ्यांचा एक उनाड वर्ग आला. हिंवाळ्याचे दिवस, बाहेर खेळतां येईना, आणि आंतील ठराविक कवायतीला पोरें विटलेलीं. अगोदरच्या दोन शिक्षकांनीं हात टेंकले होते. गुलिकनें नेस्मिथला चौदा दिवसांची मुदत दिली. नेस्मिथनें विचार केला कीं, खेळांत मारामारी कोठें होते? चेंडू घेऊन पळणाराला अडवितांना. मग चेंडू घेऊन पळूंच द्यावयाचें नाहीं. जोर कोठें लागतो? समोरच्या गोलांत चेंडू हाणतांना. मग गोल डोक्याच्या वर आडवा ठेवावयाचा, म्हणजे चेंडू हाणून भागणार नाहीं, हळुवार उचलून टाकावा लागेल. पीच नांवाच्या फळांच्या दोन रिकाम्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम कागदावर लिहून भिंतीला लावले, आणि डिसेंबर १८९१ मध्यें बास्केटबॉलचा पहिला सामना झाला. सबंध सामन्यांत चेंडू एकदांच टोपलींत पडला. तो काढावयाला शिडी लागे. वर्ष-दोन वर्षांतच स्मिथ कॉलेजच्या मुली हा खेळ खेळूं लागल्या. क्लेमेंटची जुनी वांटणी तेवढ्यापुरती तरी मोडली.

शक्तीचा कस लागावा, पण दांडगाईला बक्षीस मिळूं नये, ही या खेळामागची बुद्धि आहे, आणि ती एका धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याची आहे हें विसरतां येत नाहीं. चारच वर्षांनीं, १८९५ सालीं, होल्योक येथील याच संस्थेंतील विल्यम मॉर्गन यानें व्हॉलीबॉल काढला, तो बास्केटबॉलची धांवपळ न झेंपणाऱ्या प्रौढ गृहस्थांसाठीं. ढेरपोट्या कारकुनालाहि खेळाचा आनंद मिळावा, असें ज्यांना वाटलें त्यांचा ‘स्नायूंचा धर्म’ कांहीं निराळाच म्हणावा लागेल. नेस्मिथ पुढें कॅन्सस विद्यापीठांत शिकवूं लागला. खेळाचा जनक असूनहि शिक्षक या नात्यानें त्यानें ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले; त्याबद्दल त्याला फारशी खंत नव्हती असें दिसतें. हिंदुस्थानांतहि ही परंपरा आली. १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं मद्रास येथें शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, आणि तिच्यांतून तयार झालेले शिक्षक देशभर पसरले.

ही झाली या विचाराची उजळ बाजू. दुसरीहि आहे. बळकट शरीर देवाच्या सेवेला उपयोगी, येथून आरंभ झाला. बळकट शरीर हेंच देवाच्या कृपेचें लक्षण, येथपर्यंत मजल जावयाला वेळ लागला नाहीं. १९२५ सालीं ब्रूस बार्टन या अमेरिकन जाहिरातदारानें ख्रिस्ताचें एक चरित्र लिहिलें. रविवारच्या शाळेंतील चित्रांत दिसणारा निस्तेज, नाजूक ख्रिस्त त्याला सहन होत नव्हता. त्याचा ख्रिस्त करवतीनें लांकूड कापून दंड कमावलेला सुतार होता. पुस्तकावर लोकांच्या उड्या पडल्या. ख्रिस्त सुतार होता हें खरेंच. पण क्रूसावरच्या देहापेक्षां दुकानांतला देह भक्तांना अधिक आवडूं लागावा, हें लक्षण बरें नव्हे.

१९५७ सालीं चार्ली शेड या प्रेस्बिटेरियन पाद्र्याचें पुस्तक आलें. प्रार्थनेनें वजन घालवा, असा त्याच्या नांवाचा अर्थ. अंगावरची चरबी म्हणजे पापाची निशाणी, ही दृष्टि त्यांत उघड होती. अशा पुस्तकांची पुढें रीघ लागली. २०११ सालीं कॅलिफोर्नियांतील रिक वॉरन या प्रसिद्ध पाद्र्यानें बायबलांतील दानिएलाच्या नांवानें आहार-व्यायामाची एक योजना आपल्या चर्चमध्यें सुरू केली. तिच्यांत प्रेमळपणा होता, आणि अनेकांना ती हितकारक ठरली हेंहि मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या कथेवरून हें नांव घेतलें तिची गंमत अशी कीं, राजाचें मिष्टान्न नाकारून दहा दिवस शाकभाजी आणि पाणी यांवर राहिलेले दानिएल व त्याचे सोबती बारीक झाले असें मूळ हिब्रू कथेंत म्हटलेलेंच नाहीं. ते इतरांपेक्षां अधिक मांसल दिसूं लागले, असें तेथें आहे. आपल्याकडेहि कालपरवांपर्यंत सासरहून आलेल्या मुलीला पाहून आजी म्हणे, ‘बरी तब्येत सुधारली हो!’, आणि तो शब्द कौतुकाचा असे. आज तोच शब्द ऐकून मुलगी रात्रीचें जेवण टाळते. शास्त्रवचन तेंच, देह तोच. बदलला तो आरसा. पूर्वीं तो भिंतीवर टांगलेला असे, आतां तो फोनच्या रूपानें दिवसभर हातांतच असतो, आणि त्यांत जगांतील सगळे सुडौल देह रांगेनें उभे असतात.

आरोग्य राखूं नये असा याचा अर्थ कोणी करूं नये. रक्तांतील साखर आणि हृदयाची धडधड हीं धर्म विचारीत नाहींत. प्रश्न वेगळा आहे. शेजाऱ्यांच्या नजरेची लाज माणूस कशीबशी सोसतो. पण त्या लाजेवर देवाचा शिक्का मारला, आपलें शरीर देवालाहि नापसंत आहे असें एखाद्या जाड मुलाला किंवा आजारानें सुकलेल्या बाईला वाटूं लागलें, तर त्यांनीं जावें कोठें? तेथें मग व्रण न बुजलेला तो देहच आठवावा लागतो.

१९२४ सालच्या पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत हिंदी संघाचे व्यवस्थापक म्हणून मद्रासचे बक गेले होते. त्याच मैदानावर एरिक लिडल हा स्कॉटिश धांवपटू होता. मिशनऱ्याचा मुलगा, जन्म चीनमधील तिएन्‌त्सिन येथें १९०२ सालीं. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारीं आहेत हें महिनों आधीं कळल्यावर त्यानें त्या शर्यतींतून अंग काढून घेतलें. (सिनेमांत ही बातमी त्याला ऐन प्रवासांत कळते, तें नाट्यासाठीं.) नंतर ११ जुलै रोजीं चारशे मीटरची शर्यत त्यानें ४७.६ सेकंदांत जिंकली. त्याच्या धांवण्याविषयीं मात्र जाणत्या लोकांत हंसूं होई. डोकें मागें टाकलेलें, तोंड उघडें, हात पवनचक्कीसारखे फिरत आहेत. धांवण्याच्या पुस्तकांत जें जें करूं नये म्हणून सांगितलें असेल तें सर्व तो करी. आपण धांवतांना कसे दिसतों, याची त्यानें कधीं फिकीर केल्याचें दिसत नाहीं.

पुढच्याच वर्षीं तो चीनला गेला आणि शिक्षक व मिशनरी म्हणून राहिला. महायुद्धांत जपानी सैन्यानें त्याला वेइशिएन येथील छावणींत स्थानबद्ध केलें. पत्नी आणि तीन मुली कॅनडांत होत्या, धाकटीला तर त्यानें पाहिलेंहि नव्हतें. छावणींत आईबापांपासून ताटातूट झालेलीं पुष्कळ मुलें होतीं. लिडल त्यांना विज्ञान शिकवी, म्हाताऱ्यांचे कोळसे-पाणी वाही, आणि मुलांचे खेळ चालवी. रविवारीं खेळ नाहीं, हा नियम त्यानें तेथेंहि आधीं पाळला. पण देखरेखीवांचून पोरें हॉकीच्या मैदानावर हातघाईवर येऊं लागलीं, तेव्हां ज्यानें रविवारसाठीं ऑलिंपिकची शर्यत सोडली होती तोच माणूस रविवारीं पंच म्हणून शिटी घेऊन उभा राहिला.

१९४५ च्या हिंवाळ्यांत त्याची प्रकृति ढांसळली. डोकें सतत दुखे, चाल मंदावली. मेंदूंत गांठ झाली होती, हें मृत्यूनंतर कळलें. त्या दिवसांत एका मुलाच्या पायांतील बूट पार फाटून गेले होते, आणि बाहेर कडाक्याची थंडी होती. लिडलनें आपले जुने धांवण्याचे बूट दोऱ्यांनीं शिवून, डागडुजी करून त्याला दिले. २१ फेब्रुवारी रोजीं त्रेचाळिसाव्या वर्षीं तो वारला. ऑगस्टमध्यें छावणी मुक्त झाली. बूट मिळालेला तो मुलगा पुढें मिशनरी झाला आणि जपानला गेला.